सगळं क्लिअर

मंगळवार, ७ जानेवारी

कशेळ्याचा बायकांचा वर्ग, दु. ३. बाराजणी हजर. आठवड्याचा इंग्रजी शब्द दिला: क्लिअर. नियम तोच. पुस्तकात बघायचं नाही, मोबाईलला विचारायचं नाही. हा शब्द कोणाच्या तोंडून, कुठे ऐकला ते पुढच्या मंगळवारी उभं राहून सांगायचं. मागे 'अर्जंट' दिला होता, तर निम्म्याजणींनी नवऱ्याचंच उदाहरण आणलं. या वेळी बजावलं, घराबाहेरचं हवं.

तेहेतीस वर्षं जि.प. शाळेत पोरांकडून शब्दार्थ घोकून घेतले. त्यातला एक तरी डोक्यात राहिला असेल का, देव जाणे. या बायकांना शब्द दिला की राहतो, कारण तो त्यांनी स्वतः पकडून आणलेला असतो. ही युक्ती निवृत्त झाल्यावर सुचली याचा कधीकधी राग येतो.

आत्या आज वर्गात येऊन बसली. तिचं घर चार दारं सोडून. भिंतीला टेकून वालाच्या शेंगा सोलत होती. अठ्ठ्याहत्तर पूर्ण. बाबांची एकुलती बहीण, आता माझ्या माहेरचं तेवढंच एक मोठं माणूस. वही देते म्हटलं तर हसली. "मला कशाला गं आता वही?"

शुक्रवार, १० जानेवारी

धाकट्या भावाचा फोन. दिलीप आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मग ह्यांच्या साखरेची, मग मुद्द्यावर येतो. आज गुडघे फार लवकर आटोपले तेव्हाच ओळखलं.

मुद्दा: खालापूरजवळची आपली जमीन. तिथे त्याला पाहुण्यांसाठी कॉटेज बांधायचे आहेत. मुंबईचा पार्टनर मिळालाय. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली, पण पार्टनरच्या वकिलाला एकच नाव हवं. "ताई, तू हक्कसोड करून टाक. म्हणजे टायटल क्लिअर."

मी मोठ्याने हसले. वर्गाच्या आधी बाईंनाच शब्द सापडला! लगेच वहीत टिपला.

हो म्हटलं. दोन मिनिटं लागली असतील. पेन्शन आहे, लेक पुण्यात सुखात, भाताची खाचरं घेऊन मी काय करणार? सगळ्याच बहिणी सोडतात. एक साडी, पुरणपोळीचं जेवण, आणि माहेरचं दार उघडं. आमच्याकडे याला कोणी व्यवहार म्हणतच नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी देणार होते, बायाच म्हणाल्या नको. तिळगूळ खात वर्ग झाला.

धमाल आली. जीप मागे घेताना ड्रायव्हर ओरडतो, "मागं क्लिअर हाय का?" दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणतात, क्लिअर आहे. नजमाभाभीचं बांगड्यांचं दुकान, मुलगा कुवेतला, तो रोज फोनवर विचारतो, "अम्मी, आवाज क्लिअर येतोय ना?" भाभी म्हणाली, "आवाज क्लिअर येतो बाई, पन तो कवा येनार ते क्लिअर सांगत नाय." सगळ्या हसल्या. भाभीही हसली, पण डोळे पुसले.

मग वनिता उठली. माथेरानला हॉटेलात खोल्या साफ करते, सणाला खाली आली आहे. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते:

"म्यानेजर बोलतो रूम क्लिअर कर. म्हंजे नुसता झाडू नाय मारायचा. चादर बदलायची, ग्लास उलटा घालायचा, मोरीतला केस न् केस उचलायचा. पुढच्या पाव्हन्याला वाटलं पायजे, हितं आधी कोन राहिलंच नव्हतं."

शाबास म्हटलं. टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यात चांगलं उदाहरण तिचंच.

कर्जतला परत येताना जीपमध्ये मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. आधी कोण राहिलंच नव्हतं. त्या खाचरात मी दहावीपर्यंत दर पावसाळ्यात आवणीला, भाताची रोपं लावायला उतरलेय, गुडघाभर चिखलात. दिलीप, आमचा दि., तेव्हा बांधावर बसून भोकाड पसरायचा, त्याच्या तोंडात गुळाचा खडा मीच कोंबायची. आणि आता कागदावर असं दिसायला हवं की तिथे दि. सोडून कोणी

असो. उद्या बघू.

गुरुवार, १६ जानेवारी

दि.ला फोन केला. म्हटलं, सही करणार नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. नाही म्हटलं. मग म्हणाला, "तुला पैसे हवेत का ताई?" राग आला. पैसे नकोत, माझं नाव राहू दे, कॉटेज खुशाल बांध, मीही तुझी पार्टनर. तर म्हणे असं नसतं. का नसतं, ते त्याला सांगता आलं नाही.

तासाभराने भावजयीचा फोन. "आमचं काही चुकलं का, ताई?" तिचं काहीच चुकलेलं नाही. तिनेही तिच्या माहेरी सही केलीच आहे.

ह्यांना विचारलं. पेपर बाजूला न करता म्हणाले, "तुझा वाटा, तू ठरव. मला मध्ये घालू नकोस." बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढा स्पष्ट सल्ला पहिल्यांदाच मिळाला.

रविवार, १९ जानेवारी

दि. स्वतः आला. पेढे, मोरपंखी साडी, आणि मसुदा. साडी छान आहे, खोटं कशाला बोलू. मसुदा वाचला. 'कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने.' हात शिवशिवले, लाल पेनाने शुद्धलेखनाच्या सात चुका काढून दिल्या. तो बिचारा "हो ताई, हो ताई" करत बसला. चौथीत असाच बसायचा.

पुढच्या मंगळवारी, २८ला, खालापूरच्या रजिस्ट्रार ऑफिसात वेळ घेतली आहे म्हणाला. मी हो म्हटलं नाही. जेवून जा म्हटलं, तर जेवला. जाताना वाकून नमस्कार केला. भाऊ वाईट नाही माझा. हेच अवघड आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते.

वर्गात आज मी भाषण ठोकलं. माझी सगळी हकीगत सांगितली, नाव न झाकता. बायांनो, टायटल क्लिअर म्हणजे वनिताची रूम क्लिअर. मी काही मोरीतला केस नाही. मी सही करणार नाही. टाळ्या पडल्या. नजमाभाभी म्हणाली, आमच्यात लेकीचा हिस्सा किताबात लिहिलेला, तरी भावांपुढं कोन बोलतं. मला फार बरं वाटलं. मोठं काम करतोय असं वाटत होतं.

मग नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाचं उदाहरण राहिलंय का. भिंतीजवळून आत्या म्हणाली, "माझं हाय."

सगळ्या वळल्या. आत्या कधी बोलत नाही.

"मी बी आयकलाय ह्यो शबुद. खालापूरला, हापिसात. माझा अंगठा तू धरलास, शाईत बुडवलास, कागदावर दाबलास. मंग शाई पुसलीस नि म्हनालीस, आत्या, आता सगळं क्लिअर. मी इचारलं नाय क्लिअर म्हंजे काय. म्हटलं, पोर शिकलेली हाय, तिला ठावं असंल."

आवाजात राग नव्हता. शेंगा सोलणंही थांबलं नाही. वाक्य सांगायचा नियम होता, तिने वाक्य सांगितलं.

मी पुढचा शब्द दिलाच नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून वर्ग सोडला.

बुधवार, २२ जानेवारी

सगळं आठवतंय. विसरले होते असं म्हणणं सोपं आहे, पण विसरले नव्हते, कधी त्या बाजूला बघितलंच नव्हतं.

तेवीस वर्षांची होते. डी.एड. झालेलं, नुकती नोकरी लागलेली, तोरा भरपूर. बाबा म्हणाले, तू शिकलेली, तू वाचून दाखव. ऑफिसच्या व्हरांड्यात आत्याला कागद वाचून दाखवला. भरभर. मधला परिच्छेद गाळला, ज्यात लिहिलं होतं की यापुढे तिचा आणि तिच्या वारसांचा काही हक्क राहणार नाही. तो मला समजला होता. समजला म्हणूनच गाळला. म्हटलं उगीच घाबरेल. बाबा खूश झाले पाहिजेत, एवढंच डोक्यात. 'राजीखुशीने' मात्र मोठ्याने वाचलं.

अंगठा तिचा. दाबला मी.

आणि जी जमीन माझी माझी म्हणून काल टाळ्या घेतल्या, तिच्यातला अर्धा वाटा आत्याचा होता. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज वर्गाचा दिवस नव्हता. सरळ आत्याकडे गेले. ती अंगणात वाल वाळवत होती. मी माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात, काय गाळलं ते सांगून.

आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, हिरवी साडी मिळाली होती, बरेच दिवस टिकली. त्या वर्षी बाबांनी नव्या तांदळाचं बोचकंही पाठवलं. पुढच्या वर्षी तिने दिवाळीनंतर वाट पाहिली. नवऱ्याने विचारलं, आलं का गं माहेरचं भात? दोन वर्षं विचारलं, मग त्यानेही सोडून दिलं. बाबांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. बाबा मला किती मोठे वाटायचे.

निघताना म्हणाली, "तुझी सही झाल्यावर दिलीप तुला पाठवंल ना गं तांदूळ?"

चहा पिऊन निघाले.

शनिवार, २५ जानेवारी

सकाळी कर्जतच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे. सगळं मांडलं. त्या म्हणाल्या, कायद्याने तुमच्या आत्याचा हक्क तेव्हाच संपला. दि.च्या मसुद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, तोही कागद असाच असणार, हे प्रकरण क्लिअर आहे. टिपायला वही काढली नाही.

मग विचारलं, माझ्या वाट्यातून मी दिला तर? देता येईल, बक्षीसपत्र करा. पण भाऊ नाराज होईल, पार्टनर मागे हटेल, घरात वादळ होईल, नीट विचार करा. म्हटलं, विचार त्या व्हरांड्यात करायला हवा होता. आता फक्त कागद करा.

बाहेर पडले तेव्हा फार दिवसांनी पावलं सरळ पडत होती. माझ्या वाट्याचे दोन भाग. सातबाऱ्यावर तीन नावं. सही न करता वाटा कवटाळून बसणं हेही काही मोठं शौर्य नव्हतं, हे आता कळतंय.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला. "आत्याला विचारलंस का?" म्हणाले.

नाही विचारलं. पुन्हा तेच करत होते. तिच्या वतीने ठरवून टाकणं ही माझी जुनी खोड.

सोमवार, २७ जानेवारी

आधी दि.ला फोन. म्हटलं, उद्या येते, पण हक्कसोडीला नाही. आत्याचं नाव लावायचंय, माझ्या वाट्यातून, तिने हो म्हटलं तर. कागद तयार आहे.

तो म्हणाला, "आत्याचं आता कशाला काढतेस? ते बाबांनी केलं होतं."

"बाबांनी केलं. वाचून मी दाखवलं."

"पार्टनर जाईल, ताई."

"तीन नावांशी बोलायची तयारी असेल तर राहील."

"आणि आपलं? आपल्या दोघांचं काय?" असं म्हणाला. आवाज लहानपणीचा झाला होता. मला रडू आलं, पण फोनवर येऊ दिलं नाही. म्हटलं, उद्या अकराला ये, तिथेच बोलू. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. फोन ठेवला. येईल की नाही, माहीत नाही. भाऊबीजेला बोलावेल की नाही, तेही माहीत नाही. भीती वाटते, हे लिहून ठेवते. पण ठरलेलं हलत नाही.

मग नजमाभाभीच्या दुकानात फोन केला. भाभी फोन घेऊन आत्याच्या दारी गेली, "बाईंचा हाय, आत्ये" असं ऐकू आलं. मी आत्याला सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. दि. चिडलाय हेही सांगितलं, कॉटेज होणार नाहीत कदाचित हेही, ही जमीन कसायला कोणी नाही आणि तिच्या हाती बहुधा काहीच येणार नाही, फक्त नाव लागेल, हेही. नको असेल तर नको म्हण, मला वाईट वाटणार नाही, असं दोनदा सांगितलं.

भाभीचा श्वास ऐकू येत होता. म्हटलं, आत्या, ऐकतेयस ना?

"आयकते," म्हणाली. "आधारकार्ड आनू का गं संगती?"

आण म्हटलं. सकाळी नऊच्या जीपला तिला घ्यायला जाते.