माईचं ऑर्किड

११ जाने., रवि.
सकाळी गिरगावला जाऊन माईला घेतलं, दादरला दिलीपकडे पोचवलं. मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन. चाळीचे तीन जिने आता दीड महिना तरी नकोत. भावाकडे लिफ्ट आहे. निघताना बाईसाहेब औषधांची पिशवी विसरल्या, पण ऑर्किड नाही विसरल्या. टॅक्सीत ते माझ्या मांडीवर. "दिलीपकडे सारखा ए.सी. चालू असतो. तू ने लालबागला."
सूचना: मुळं रुपेरी दिसली की पाणी, हिरवी असली की थांबायचं. बाकी काही करायचं नाही. मी हो हो म्हटलं. लक्ष मीटरकडे.
वडील गेल्यावर ह्या थोरल्या बहिणीनं नोकरी धरली, मला आणि दिलीपला शिकवलं, आमची लग्नं लावली. तिचं स्वतःचं राहिलंच. गेल्या दिवाळीत, बाहत्तराव्या वर्षी, परळच्या मॉलमधून हे झाड घेतलं. नुसतं आवडलं म्हणून घेतलेली तिची ही पहिली वस्तू. मला तेव्हा हसू आलं होतं.

१२ जाने., सोम.
झाड टेबलावर ठेवलं. जांभळी फुलं दोन, कळ्या चार. कुंडी मात्र पारदर्शक प्लॅस्टिकची, आतली सगळी मुळं उघडी. पाहुणी परकरावरच बाहेर आल्यासारखं वाटतं.
ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. आत माती नाहीच. सालीचे तुकडे आणि कोळसा. "दुकानवाल्यान माईक फसवल्यान. मातयेशिवाय झाड जगता कधी?" गावाहून तुळशीसाठी आणलेली लाल माती गॅलरीत होतीच. सासूबाईंचं पितळी पातेलं माळ्यावरून काढलं, चिंचेनं घासलं. संध्याकाळपर्यंत झाड मातीत. किती शोभलं! माईला आल्यावर दाखवायचं, आत्ता सांगायचं नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत
ऑपरेशन छान झालं. तिळगूळ घेऊन हॉस्पिटलात. माई गुंगीत, तरी पहिला प्रश्न: "माझं कसं आहे?"
"मस्त."
तेव्हा खरंच होतं मस्त.

२३ जाने., शुक्र.
माई दिलीपकडे आली. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते, फिजिओवाल्या मुलीला रागावते. म्हणजे बरी आहे.
इथे दोन कळ्या पिवळ्या पडून गळल्या. पाणी रोज घालते आहे, आंघोळीनंतर तुळशीला घालते तसंच, तांब्यातलं. मग का?
संध्याकाळी माईचा फोन. "माझं कसं आहे?" "मस्त." कळ्यांचं बोलले नाही. आजारी माणसाला काय सांगायचं.

३१ जाने., शनि.
उरलेल्या कळ्याही गेल्या. पानं मऊ, सुरकुतलेली. तहानलं असेल म्हणून दोन्ही वेळा पाणी घातलं.
माईचा फोन. "मुळं कोणत्या रंगाची आहेत ग?"
मातीत पुरलेल्या मुळांचा रंग मला काय ठाऊक. "हिरवी," म्हटलं.
"कालही हिरवीच म्हणालीस. मग पाणी नको घालूस दोन-चार दिवस. फोटो पाठव."
जुना फोटो होता फुलांचा, तो पाठवला. लगेच उलट फोन. "फुलांचा नको, मुळांचा पाठव." फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणाले. साठीची झाले मी, आणि बहिणीशी शाळेतल्या मुलीसारखं खोटं बोलते.

२ फेब्रु., सोम.
फोनवर व्हिडिओ पाहत बसले. ह्या झाडाला माती नकोच असते. रानात दुसऱ्या झाडाच्या खोडावर राहतं, मुळांना हवा लागते. मातीत ती गुदमरतात. आणि मुळं सडली की पाणी वर चढत नाही, म्हणून पानं सुकतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.
हे सांगितलं तर ह्यांचं म्हणणं, "मोबाईलवर काय पण सांगतत."
माईला सांगायला हवं. उद्या.

८ फेब्रु., रवि.
सांगितलं नाही. आज मात्र पातेलं मोरीत उपडं केलं. वास आला, फुलदाणीतलं पाणी नासल्यावर येतो तसा. पातेल्याला भोक नाही हेही आजच डोक्यात आलं. मुळं तपकिरी, ओढलं की वरची साल हातात, आत नुसता दोरा. मध्यभागी दुकानातूनच आलेला शेवाळाचा गोळा, चिंब. कात्री घेतली आणि तपकिरी कापली, मग पिवळी पण कापली. हिरवं किंवा रुपेरी नाही म्हणजे मेलं, असं धरून चालले.
मग व्हिडिओचा पुढचा भाग पाहिला. आत उजेड न लागलेली मुळं पिवळसरच असतात. रंगावर जायचं नाही, दाबून पाहायचं, घट्ट असेल तर जिवंत. केराच्या टोपलीतली उचलून दाबली. घट्ट होती. टोपलीशी बसून रडले.
उरली दोन. कापलेल्या जागी बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड लावली. परत प्लॅस्टिकच्या कुंडीत, सालीत. घरभर मसालेभाताचा वास. ह्यांनी विचारलं आज काय बेत आहे.

९ फेब्रु., सोम.
ह्यांना पण वाईट वाटलंय. म्हणाले, "तसलाच दुसरा आण. जांभळा ता जांभळा. माईक काय कळता?"

१४ फेब्रु., शनि.
आणलं. त्याच दुकानातून, त्याच रंगाचं. मुलीनं कागदात गुंडाळून रिबीन बांधली, "कुणाला गिफ्ट, आंटी?" मी पैसे मोजून दिले.
जुनं स्वयंपाकघराच्या खिडकीत, डब्यांच्या मागे ठेवलंय. खालचं पान गळलं.

१ मार्च, रवि.
माई आली जेवायला. काठी टेकत, ऐटीत. नवं झाड टेबलावर, पाच फुलं. "वा," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.
मग तिनं कुंडी उचलली, उजेडाकडे नेली, चष्मा लावला. हळूहळू फिरवली.
"सुधा, हे कुणाचं?"
"तुझंच ग."
"माझ्याचं एक मूळ कडेवरून बाहेर येऊन परत आत वळलंय. खाली एकाला दोन फाटे आहेत. रोज चहा पिताना बघते मी. फुलं काय, दुकानात सगळ्यांची सारखीच असतात."
हे मधेच, "माई, जेवान थंड होता हां."
डब्यांमागून आणलं. तीन पानं, दोन मुळं. कडेवरून वळलेलं तेही पातेल्यात लावताना मीच कापलं होतं, नीट दिसत नाही म्हणून. तिनं दोन्ही मुळं अंगठ्यानं दाबून पाहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.
"तुला कधी कळलं?"
"जानेवारी संपता संपता."
"मी रोज फोन करत होते, सुधा."
एवढंच. जेवली, सोलकढी दोनदा मागून घेतली, ह्यांच्याशी गुडघ्याबद्दल बोलली. जाताना जुनं झाड पिशवीत घातलं. नवं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हे तू ठेव. आणि माती घालू नकोस."
माती ह्यांची होती, तेही भल्यासाठीच. पण पहिल्या कळ्या गळल्या त्या संध्याकाळी फोनवर एक वाक्य बोलले असते तर तिनं तिथूनच माती काढायला लावली असती, मुळं वाचली असती. माझ्या "मस्त"नं मारलं त्याला.

१२ मार्च, गुरु.
माई परत गिरगावात. दिलीप म्हणतो जिने एकटी चढली, मधे एकदा थांबून.
फोन आता तिचा येत नाही, मीच करते. नव्याची मुळं काय रंगाची ते आपणहून सांगते. आज रुपेरी, पाणी घातलं, दहा मिनिटांत हिरवी झाली. डोळ्यांदेखत. ती म्हणते, "हं."

२० मार्च, शुक्र.
काल पाडवा. श्रीखंड घेऊन गिरगावला जाणार होते, ती म्हणाली नको येऊस, इथे पसारा आहे. माईच्या घरी पसारा?
आज संध्याकाळी धीर करून विचारलं. "माई, तुझं कसं आहे?"
मग म्हणाली, "मस्त."
"मुळं कोणत्या रंगाची आहेत?"
"कुकर लावलाय ग," म्हणाली. "ठेवते."