आईच्या पर्समधला थर्मास

प्लोवदिव, ९ नोव्हेंबर

प्रिय ल्युबो,

हॅम्बर्गला तुम्ही सगळे बरे असाल. फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून कागदावर लिहितेय.

बाबा अजून अतिदक्षता विभागातच आहेत, शुद्ध नाही. नाकातल्या नळीतून जे अन्न द्यायचे, ते डॉक्टर वेसेलिनाबाईंनी थांबवलंय. रोज त्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवतात आणि म्हणतात, पोट रिकामं होत नाहीये, वर आणखी घातलं तर उलटून फुफ्फुसात जाईल. माझा काडीचाही विश्वास बसला नाही. म्हातारा माणूस खाट अडवून बसलाय, उपाशी ठेवला की खाट मोकळी, असंच मला वाटलं. आईलाही तसंच सांगितलं. भेटीच्या वेळी मी दारात नर्सशी हुज्जत घालायची, आई आत बाबांजवळ बसायची.

काल अर्हांगेल देवदूताचा सण, ज्याचं नाव बाबांना ठेवलंय त्याचा दिवस, म्हणजे बाबांचा नावदिवस. भेट संपता संपता मी बाईंना अडवलं, म्हटलं, आत्ता माझ्यासमोर बघा. त्यांनी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. पोट टम्म भरलेलं. बाईंनी नर्सची नोंदवही उघडून पाहिली.

"आम्ही तर काहीच देत नाही. मग हे आलं कुठून?"

हे नवीन नाटक, असं मनात आलं. तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. तिने पर्स पोटाशी घट्ट धरली होती. उघडायला लावली तर आत थर्मास. सणाच्या कोकराचा रस्सा, फडक्यातून गाळलेला. नळी धुवायला नर्स मोठी सिरिंज ठेवते, तीच आईने वापरली होती. त्याआधी रोज कोंबडीचं पाणी.

"ज्याचा नावदिवस तोच उपाशी?" आई म्हणाली. "तूच म्हणालीस ना, मारतायत म्हणून. मग मी काय बघत बसू?"

ती घालत होती म्हणून पोट भरलेलं दिसत होतं, आणि ते भरलेलं दिसतं म्हणून बाई काही देत नव्हत्या. नर्सला दारात अडकवून ठेवणारी मी. कालपासून बाबांच्या छातीत घरघर आहे. ल्युबो, मला फार भीती वाटते.

आज पोट बरंचसं रिकामं दिसलं. उद्या नळीतून थोडं थोडं सुरू करून बघतील. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "तुलाही फितवलं वाटतं त्यांनी." दुपारी तिने पुन्हा थर्मास भरला. मी तो हातातून काढून घेतला, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तू ये. तुझ्यावर तिचा अजून विश्वास आहे.

आईची पर्स हुंगल्याशिवाय तिला आत न सोडणारी,
तुझी बहीण
स्नेझाना