बेटावरचे भरलेले पिंप

चैत्र वद्य पंचमी, केज. सायंकाळ.

स्वस्ति श्री दुष्काळसार्वभौम, शुष्ककूपाधिपती, निर्दुग्ध-दुग्धसंस्थाध्यक्ष अस्मादिक आज पराभूत झाले. तेही पोटच्या कन्येकडून.

रेखा अंदमानातल्या एका नौदल-तळावर नांदते. तेथे नित्य पाऊस, नळाला अहोरात्र पाणी. तरी ही केजकन्या पिंप, घागरी, कुकरसुद्धा भरून ठेवते! तळावरच्या आरोग्य-निरीक्षकास पिंपात डासांच्या अळ्या सापडल्या. पुन्हा सापडल्यास कुटुंबाने तळ सोडावा, असा हुकूम. जावई काकुळतीला आले: "मामा, तुमीच सांगा तिला. माझं ऐकत न्हाई."

दूरध्वनी केला.

"रेखे, ते पिंप ओत."

"आबा, भरल्यालं पाणी सांडू? तुमीच शिकवलं ना, तांब्या लवंडला की जेवण न्हाई!"

शिकवले खरे. येथे दुसरे काय शिकवणार होतो?

"लेकरा, संसार मोडंल. ओत."

पिंप कलंडल्याचा आवाज आला, मागोमाग तिचे हुंदके. पाणी फार वेळ वाहत होते. इतके पाणी, आणि ते मी सांडवले!

या उपदेशपर्वात आळीत टँकर येऊन गेला. शेजारी म्हणतो, हाका मारल्या. घरात तांब्याभर पाणी शिल्लक आहे. उद्या त्यात दाढी करावी की चहा? आणि चहा केल्यास भांडे कशाने विसळावे?