चार बोटांची पायरी

भावजी,

मी कामावर निघाले. तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. आपलं स्वयंपाकघर चार बोटं उंच. तिथल्या पायरीला अडखळून पडल्यापासून आईंनी धास्तीने खोली सोडली नव्हती. काल तुम्ही लावलेली उतरती फळी चपखल बसली आहे, वॉकर जरासुद्धा अडकत नाही. आभार मानले तर तुम्ही खेकसाल, म्हणून मानत नाही.

सवय मात्र जाता जात नाही. सकाळी मी पायरी समजून पाय उचलला आणि फळीवर दाणकन आपटला. फळी शाबूत आहे. मीही.

थर्मासमध्ये चहा आहे. साखर चिक्कार पडली आहे, पण नावं न ठेवता सगळा प्या. तो मी केलेला नाही.

– वहिनी