पायराकांथाची तीन झुडपे व इतर मिळकत

मी, नेहेम्या हाइम झिराडकर, बी. कॉम. (मुंबई), वय वर्षे छप्पन्न, विधुर, राहणार लोद (इस्राएल), पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पुढील महिन्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तसा प्रयत्न मात्र झाला, त्याचा उल्लेख कलम दोनमध्ये आहे.

१. तळमजल्यावरील माझी सदनिका, तिला जोडलेली बाग आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक कन्या ओस्नात हिला मिळावी. ती बेअरशेव्यात राहते. बागेचा विषय निघाला की "अब्बा, दय!", म्हणजे पुरे, असे हिब्रूत म्हणून फोन ठेवते. सबब बाग तिची. परंतु कुंपणालगतची पायराकांथाची तीन झुडपे तिच्या भरवशावर सोडता येत नाहीत. सुक्कोथच्या, म्हणजे आमच्या मांडवांच्या सणाच्या, सुमारास त्यांची फळे हिरव्याची पिवळी, पिवळ्याची नारिंगी होतात आणि उतरत्या उन्हात कुंपण पेटल्यासारखे दिसते. त्या दिवसांत मी चहा खिडकीशी घेतो. दुसरे व्यसन मला नाही.

२. धाकटा भाऊ मेनाशे, राहणार अश्दोद, यास माझे मनगटी घड्याळ द्यावे. बागेत पाऊल ठेवण्याचा हक्क देऊ नये. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मलिद्याच्या विधीला आला असता, "अरे, ही तर आपली चणीबोरं!" म्हणून त्याने मूठभर फळे तोंडात टाकली. ती शोभेची आहेत हे मी सांगेपर्यंत गिळलीही. मग पोट धरून बसला. "तू मुद्दाम उशिरा बोललास," असा त्याचा आजवर आरोप आहे. तेव्हापासून, झुडपे उपटून तिथे मोटार उभी करावी, असे तो ओस्नातच्या मनात भरवतो आहे. परवा माझ्या प्रकृतीची चौकशी करायला आला, पण नजर कुंपणाची रुंदी मोजत होती. जाताना आपल्या ओळखीचा वकीलही सुचवून गेला.

३. वरच्या मजल्यावरील लेआबाई पेणकर, मूळच्या ठाण्याच्या. दर सुक्कोथला त्यांच्या मांडवात माझ्याच फळांचे घोस लटकतात, असा माझा पक्का संशय आहे. विचारले असता म्हणाल्या, "काय हो नेहेम्याभाऊ, पाळत ठेवता? बुलबुल नेतात."

"बुलबुल फांदी कात्रीने कापत नाहीत," मी म्हणालो.

"मुंबईचे नसतील कापत. इथले शिकलेले आहेत."

मी झुडपे तपासली. प्रत्येक काप तिरका, फांदीवरच्या डोळ्याच्या किंचित वर, नव्या फुटीला वाव ठेवून. नासधूस करणारा असे कापत नाही. सबब झुडपांची छाटणी व फळांचा उपभोग हे हक्क लेआबाईंना तहहयात असावेत; ओस्नातने घर विकले तरी ते अबाधित राहावेत. ही फळे हवीशी वाटणारी दुसरी व्यक्ती माझ्या माहितीत नाही. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

४. कलम तीन माझ्या हयातीत लेआबाईंना कळू नये. मी इस्पितळातून परतलो आणि त्या रीतसर विचारून फळे नेऊ लागल्या, तर शरदात खिडकीशी बसून मी पाहायचे काय?

साक्षीदार: बेंजामिन चेऊलकर, अहुवा घोसाळकर. दोघांनाही यातून काही मिळत नाही व दोघेही आमच्या इमारतीत राहत नाहीत, याची मी खात्री केली आहे.

(सही) ने. हा. झिराडकर
लोद, २५ ऑक्टोबर १९९८