राणी म्हशीच्या गळ्यातला इजिप्तचा डोळा

वडीलधारे आप्पासो मेव्हणे यांना,

इस्लामपूरच्या मळ्यातून निवृत्त सुभेदार हंबीररावाचा वाकून रामराम. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका, वहिनींचं ऐकत जा. (बायकोचं ऐका असं मी सांगावं, हे वाचून तुम्ही हसाल. हसा.) इकडे ऊस जोमात आहे, मी मात्र स्वतःच्या हातची आमटी खाऊन निम्मा झालोय. फोन सोडून पत्र का, म्हणाल, तर तुम्ही फोनचा स्पीकर लावता आणि शेजारी कोण उभं आहे ते इकडून दिसत नाही.

तुमची बहीण बनुबाई तडकाफडकी लोणंदला का आली, ते तिनं सांगितलं असेलच. तिनं सांगितलं ते सगळं खरं आहे. तरी माझी बाजूही ऐका.

माझा नाद तुम्हाला ठाऊक आहे. सुदानला शांतिसेनेत होतो, तेव्हा परतीच्या वाटेवर कैरोचं म्युझियम पाहिलं. लोक सोन्याच्या मुखवट्यापुढे गर्दी करत होते, मी बाजूच्या एका कपाटापाशी अडकलो. बोटाच्या पेराएवढे भुंगे, मांजरं, बेडूक, निळे मणी. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी उन्हात बसून एवढ्याशा बेडकाला पायाची बोटं काढली होती, ते बघून मला कसंसंच झालं. पुढे पेन्शनीत आल्यावर पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडचा वडिलोपार्जित संग्रह निघाला, त्यातलं थोडं रीतसर कागदपत्रांसकट घेतलं. (इजिप्तातून असलं काही उचलून आणलं तर तुरुंगात घालतात, आणि योग्यच करतात.) हिरव्या दगडाचा भुंगा, एक बेडूक, निळ्या मण्यांची पुडी आणि सगळ्यांत लाडका तो निळा डोळा. भाजलेल्या मातीचा, काचेसारखा चकचकीत, वर भुवई, खाली आसवासारखी रेघ. तिकडचे लोक तो नजर लागू नये म्हणून आणि दुखणाइताला बरं वाटावं म्हणून गळ्यात बांधत. घरी येईल त्याला मी बसवून हातात भिंग द्यायचो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर हल्ली वाट वाकडी करून पलीकडच्या पांदीनं जातात. तुम्हालाही दाखवलंय. तुम्हाला झोप लागली होती, पण त्याचा राग नाही.

तर राणी म्हैस आटली आणि आता ती विकू, असं मीच काढलं. बनूनं तिला रेडकू असल्यापासून वाढवलेली. बाजाराच्या दिवशी तिनं राणीला धुतलं, शिंगांना तेल लावलं आणि रिकाम्या गळ्यानं पाठवू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवलेली एक निळी माळ बांधली. आप्पासो, मी ती माळ पाहिली. नुसती पाहिली नाही, "झक्कास दिसती," असं म्हणालोही. बाजारात आटपाडीकडचा ज्ञानू म्हणून एक मेंढरंवाला भेटला, माणूस सरळ वाटला, सौदा ठरला. तो डोळा वीतभर अंतरावरून माझ्याकडे टक लावून बघत होता आणि मी ज्ञानूला म्हशीचे दात दाखवत होतो.

संध्याकाळी डबी उघडली, तर भुंगा आणि बेडूक तेवढे जागेवर. डोळा नाही, आणि मण्यांच्या पुडीत ब्लाउजची हुकं. मी घर डोक्यावर घेतलं. तीन हजार वर्षांची वस्तू म्हशीला बांधलीस? बनू शांतपणे म्हणाली, "नजर लागू नये म्हनून बांधत्यात, असं तुमीच सांगता न्हवं येईल त्याला? डबीत कुणाची नजर लागती त्येला? राणीला तेवढी नीट पोचवायची हुती." यावर गप्प बसावं की नाही? पण मी म्हणालो, तुला त्यातलं काय कळतं. सकाळी ती एस.टी.त बसली.

मी मोटारसायकल काढून आटपाडीकडे गेलो. ज्ञानूचं गाव विचारून ठेवलं नव्हतं, म्हणून वस्तीवस्तीवर "गळ्यात डोळा असलेली म्हैस पाहिली का?" असं विचारत फिरलो. लोकांनी मला सावलीत बसवून पाणी पाजलं. (एका बाईनं कांदा फोडून हुंगायला दिला.) शेवटी एका बाभळीखाली राणी दिसली. पाठीवर हात ठेवला तर मान वळवून फुसकारली. गळ्यात मणी होते, डोळा मात्र नव्हता.

तो ज्ञानूच्या आईच्या गळ्यात होता. रंगूबाई त्यांचं नाव. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पट्टी नुकतीच निघालेली, बाजल्यावर बसून जगाकडे बघत होत्या. मी फौजी आवाजात बोलायची तयारी करूनच गेलो होतो, पण त्याच आधी म्हणाल्या, "राणीचं मालक व्हय? बसा. लय झुपकेदार मिशा हायती की तुमच्या!" मग गळ्यातला डोळा हातात धरून सांगू लागल्या, "पोरगा म्हनला, म्हशीला कशाला डोळा, तिला दिसतंय. दिसत न्हाई ते तुला. म्हनून बांधला. आज बघितला तवा कळलं, आवं, ह्येला भुवई बी हाय! अन् खाली पानी गळतंय जनू."

मला ती रेघ भिंगाशिवाय कधी दिसली नव्हती, आप्पासो.

मी का आलोय ते त्यांना माझ्या तोंडावरच दिसलं असावं. त्यांनी दोरा सोडला आणि डोळा माझ्या तळहातावर ठेवला. "तुमचा आसंल तर न्या. माझं काम झालं." निळा, गार, अगदी माझा. मी मूठ मिटली. मग मूठ उघडली आणि तो परत त्यांच्या गळ्यात बांधून पक्की गाठ मारली. म्हणालो, "मालकिणीनं दिलाय. परत घ्यायचा हक्क मला न्हाई." त्यांनी येताना लोण्याचा गोळा बांधून दिला.

हे वाचून मी फार मोठ्या मनाचा झालो असं समजू नका. विट्याला चहा पिताना मला रडू आलं. परत फिरावं असंही वाटलं. पण त्याहून जास्त असं वाटलं, की ती म्हातारी भुवईबद्दल काय म्हणाली ते बनूला सांगावं, कशी हसेल ती. आणि घरी आलो तर दाराला कुलूप.

आपला,
हंबीरराव

ता. क. एवढं पत्र बनू भाकरी करत असेल तेव्हा जरा मोठ्यानं वाचा. तिला निरोप म्हणून सांगू नका, तुम्ही आपले सहज वाचताय असं दाखवा. राणी मजेत आहे, ते दोनदा वाचा.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो तर पोस्ट बंद, आणि समोर साताऱ्याची गाडी उभी. चढलो. अक्षर हलतंय ते त्यामुळे. साताऱ्याला गाडी बदलून आता लोणंदला उतरतोय. हे पत्र तुमच्या हातात देणारा मीच आहे. वाचून होईपर्यंत मी बाहेर कट्ट्यावर बसतो. आत येऊ का, एवढं तिला विचारून सांगा.