बिनआवाजाचे टायर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावण, १९५५

रा. रा. तात्यासाहेब यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा माधव याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे केवळ रीत म्हणून लिहिलेलं नाही. तुमच्या गाडीचे टायर पाहायला मी रोज सकाळी फरशीवर पालथा पडतो, तोच मुंबईच्या दिशेने नमस्कार समजावा.) तुमची प्रकृती उत्तम असणारच. इकडे पद्मजा बरी आहे, मी बरा म्हणावा असा आहे, गावी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला आहे, आणि गाडीचे चारही टायर कामातून गेले आहेत. मागच्या पत्रात तुम्ही टायरांची चौकशी पहिल्या ओळीत केली होती आणि आईच्या डोळ्यांची शेवटच्या, म्हणून मीही टायरांपासूनच सुरुवात करतो.

कंपनीने तुम्हाला नवी मोटार दिली तेव्हा ही जुनी विलायती गाडी तुम्ही बहिणीला भेट दिलीत, आणि आईला राधानगरीकडून दर महिन्याला कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणत जा म्हणून सांगितलंत. गावात तुमचं केवढं नाव झालं! लेकाने आईसाठी मोटार ठेवली. मोटारीबरोबर एक ड्रॉइंग मास्तरही ठेवला, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. शाळेत पोरं मला ‘मोटारवाले मास्तर’ म्हणतात, आणि हेडमास्तर मला पाहिलं की शाळेच्या पडक्या भिंतीविषयी हळहळायला लागतात.

ते जाऊ द्या. पहिला टायर भर रस्त्यात फुटला, तेव्हा मी गाडी कशीबशी उद्यमनगरात बाळासोच्या गॅरेजवर नेली. बाळासो म्हणजे सल्ला आधी देणार आणि गाडी मागून पाहणार. त्याने टायरला एक लाथ घातली आणि म्हणाला, “मास्तर, ही सायबाची गाडी. हिला डांबर लागतंय, आन् तुम्ही नेताय चिखलात. जिपड्याचं टायर बसवू की, वाघावानी पळंल!” बसवले. गाडी एवढी उंच झाली की पद्मजाला चढायला पाट ठेवावा लागे. वळणावर टायर मडगार्डला घासत आणि जळक्या रबराचा वास आमच्या आधी मुक्कामी पोचे. आवाज तर पिठाच्या गिरणीसारखा. गावाच्या शिवेवरच्या म्हशी दावी तोडून पळत. (त्यांतली एक दूध चोरायला लागली, तो दोषही माझ्याच माथी आहे.)

मग तुमचं ते टाइप केलेलं पत्र आलं. अशा ऐटदार गाडीला टायर निवडताना वेग, भार, ओल्या रस्त्यावरची पकड आणि शांतता पाहावी, असं तुम्ही कळवलंत. तात्यासाहेब, वेग म्हणाल तर आमच्या पुढे उसाची बैलगाडी असते, तिचा जो असेल तो आमचा. भार म्हणाल तर मी, पद्मजा, सासूबाई, तांदळाचं पोतं, आणि ‘तात्याची गाडी हाय, आपलीच की’ म्हणून वाटेत हात करणारं तुमचं अर्धं गाव. तरी तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी पुण्याहून ते गुळगुळीत शहरी टायर मागवले. राधानगरीच्या पावसात ते इतके शांतपणे घसरले की गाडी भातखाचरात उतरली हे मला पायाला पाणी लागल्यावर समजलं. शेजारच्या खाचरात चिखलणी करणारा ज्ञानू आमच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “पावणं, मोटार रोप लावायला आणलीया काय?” त्याच्याच बैलांनी आम्हाला ओढून काढलं. बांधाच्या दगडांनी टायरांच्या चिंध्या केल्या. तुमच्या चार गुणांपैकी तीन तिथेच संपले.

राहिला चौथा, शांतता. त्याच्यासाठी हे पत्र.

त्या वस्तीवर मोटार येते ती एकच, तुमची. नवी होती तेव्हा एकदा तुम्ही ती घेऊन गेला होतात, तेवढंच. जिपचे टायर वाजायला लागले की सासूबाई भिंत चाचपत उंबऱ्यावर येत. हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा. मी खाली उतरलो की अंदाजाने माझ्या तोंडासमोर तुकडा धरत आणि विचारत, “तात्या, आलास व्हय रं?” मी म्हणे, “मी माधव.” हात जागच्या जागी थांबे. मग जावयाचा मान राहावा म्हणून त्या माझ्यावरूनही ओवाळत आणि तुकडा टाकून देत. दर महिन्याला त्या दारात तुम्ही नसल्याचा गुन्हा मी करायचा आणि माफी मला व्हायची! मला तुमचा भयंकर संताप येतो. तो हात थांबला की कुठे पाहावं ते मला आजवर कळलेलं नाही.

शहरी टायरांच्या त्या एका खेपेला मात्र दारात कुणी नव्हतं. ज्ञानूने गाडी ढकलतच रस्त्याला लावून दिली होती, आम्ही फाटक्या टायरांवर मुंगीच्या पावलांनी पोचलो आणि आत काही ऐकूच गेलं नाही. सासूबाई सुपात बोटांनी चाचपून तांदूळ निवडत होत्या. मी आधीच सांगून टाकलं, मी माधव. “बसा जावईबापू,” एवढंच त्या म्हणाल्या. गुडघ्यापर्यंत चिखल होता, पण त्या घरात मी इतका सुखाने कधी बसलो नव्हतो.

कळावे. टायरांवर आहे तेवढा लोभ माणसांवरही असावा.

तुमचा
माधव

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. मुंबईत मिळतील तेवढे मुके टायर धाडून द्यावेत. पकड नसली तरी चालेल, खाचरात पडायची मला सवय झाली आहे. सासूबाईंना गाडी आल्याचं कळता कामा नये, एवढं बघा.

ता. क. दुसरा. पत्र खिशातच राहिलं आणि काल आम्ही एस.टी.ने गावी जाऊन आलो. “तुमचा लेक बिनआवाजाचे टायर पाठवणार आहे,” असं मी सासूबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या, “नगं. वाजणारंच असू द्या.” मी म्हटलं, दर वेळी तुमची फसगत होते ना? तर म्हणतात, “फसतीया कोण? तात्या आलता तवा वळणापासनं हारन वाजवत आलता. तुम्ही मुकाट येताय. पयल्या खेपंपासनं ठाऊक हाय मला.” मग दर वेळी विचारता कशाला, असं मी जरा चिडूनच म्हणालो. सूप झटकत त्या म्हणाल्या, “इचारलं तर बिघडतंय कुठं? एकांद्या बारी व्हय म्हणून उत्तर आलं तर?”

तेव्हा टायर पाठवू नयेत. वाजणारे टायर बाळासोकडे पडून आहेत, ते मी परत बसवून घेतो. ते उत्तर मात्र कोल्हापुरात मिळत नाही.